डोरा म्हणे

५ नोव्हेंबर १९७८, रविवार
राईस मिलवाल्यांनी दिलेली ही डायरी दहा महिने कोरी पडून होती. इतकी चांगली पाने वाया चालली म्हणून जीव चुटपुटत होता. आजपासून लिहिते. आज लिहिण्यासारखे घडलेही आहे.

नाटक मंडळाची बैठक आमच्या ओसरीवर भरली. हे अध्यक्ष, आणि मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे, म्हणून मी दाराच्या आतल्या बाजूला सूप घेऊन बसते. शंकरपटाच्या बैलशर्यतींना यंदा कोणते नाटक बसवायचे, असा विषय होता. मागच्या साली तळ्यापलीकडच्या गावाने त्याच दिवशी नाटक लावले आणि आमचे प्रेक्षक मध्यंतरात उठून तिकडे गेले. ती गोष्ट अजून कोणाला पचलेली नाही.

पेटीवाला जागेश्वर म्हणाला, "मास्तर, यंदा राजा नको ना रानी नको. राजाले मरतानी पाहाले चार मानसं उरले होते, त्यातले दोन झोपले होते."

केशवराव मास्तर आमचे लेखक. शाळेत शिकवतात, दर साली एक नाटक लिहितात. त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले. लाखांदूरच्या दुकानात गूळ बांधून आलेले, कोणत्या तरी जुन्या दिवाळी अंकातले. वाचून दाखवले. अमेरिकेत डोरा विल्कॉट नावाची बाई आहे. गाणे स्वतः लिहिते, चाल स्वतः लावते, आणि गातेही स्वतः.

हे म्हणाले, "मंग बाकीचे मानसं काय करून राहिले तिथं?"

सगळे हसले. पण माझे सूप थांबले. लोकांचे कपडे धुण्याच्या कारखान्यात ती कामाला होती. धुता धुता गाणी जुळवायची. मग चहाच्या हॉटेलात गायली, मग कंपनीने बोलावले, रेकॉर्ड निघाली. पुढचे पान फाटलेले. तिचे पुढे काय झाले, ते गुळाबरोबर दुसऱ्या कोणाच्या घरी गेले.

मास्तर म्हणाले, "हेच आपले नाटक! अमेरिकेची गायिका! अख्ख्या झाडीपट्टीत कोणी केले नसेल."

"अन् अमेरिका दाखवाची कशी?" जागेश्वरने विचारले.

"मागे एक उंच इमारत रंगवू."

ठरले. मला तर संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावतानाही त्या बाईचेच हात दिसत होते.

८ नोव्हेंबर, बुधवार
मास्तर संवाद झरझर लिहितात, पण गाण्याजवळ अडले. तीन दिवसांत एक ओळ झाली आणि तीत "चंद्र" दोनदा आला. आज ओसरीवर बसून म्हणाले, "वहिनी, एकादशीच्या भजनात तुमची पदे असतात. एवढी एक मदत करा."

मी आतूनच म्हटले, "ती देवाची असतात. ही तर कपडे धुणारी, परक्या मुलखातली."

सासूबाई जात्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहून वो? तिचे कपडे काय देवानं नाई पायले?"

आणि हे म्हणाले, "रचून पाय ना. नाई जमलं तं नाई."

यांनी असे म्हणावे! माझ्या भजनांना हे आजवर चांगले म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. मला वाटायचे, ऐकतच नसतील.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
झाले! तांदूळ पाखडताना झाले. माझी रीत अशी की सुपाच्या झोक्याला जी ओळ बसते ती ठेवायची, बाकीची कोंड्याबरोबर जाऊ द्यायची. धुण्याचा कारखाना मी पाहिलेला नाही. तळ्यावरचा दगड पाहिला आहे. तोच घातला.

परक्याचा सदरा, निळीत तीनदा,
माझ्या गं लुगड्याला पाणी एकदा.
डोरा म्हणे देवा, गळा दिला ओला,
वाळत घालू कुठे, सांग ना मला.

मास्तर वाचून हसले. "वहिनी, अमेरिकेत 'डोरा म्हणे' नसते. ते अभंगात."

मी म्हटले, "गाणे रचणाऱ्याचे नाव शेवटी यायलाच पाहिजे. नाही तर ते बेवारशी होते. ढोरालासुद्धा डाग असतो."

"पण तुमच्या भजनांत तर 'दासी म्हणे' असते."

"देवापुढे मी कोणी कुंता नसते, मास्तर. ती गोष्ट निराळी."

त्यांनी घडी घातली. कागद खिशात घालून म्हणाले, "बरे, मी जरा मात्रा तपासतो." किती काळजी घेतात!

१४ नोव्हेंबर, मंगळवार
जागेश्वर पेटी घेऊन आला. त्याने सिनेमासारखी चाल लावली. गळ्यात बसेना. मी चुलीजवळून हळूच माझी चाल गुणगुणले. मला वाटले ऐकू जाणार नाही. पेटी थांबली.

"वहिनी, पुन्हा म्हना."

"मी काही म्हटले नाही."

"तं मंग चूल म्हनून राहिली असन. चुलीले सांगा, पुन्हा म्हन."

सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. मग मी दाराआडूनच म्हटले. एकदा, दोनदा, चारदा. भाजी करपली. करपलेले टाकवेना, मीच खाल्ली, आणि आज मला ती गोड लागली.

२६ नोव्हेंबर, रविवार
चुरणीचे दिवस आहेत, खळ्यावर बैल धानावरून गोल फिरत असतात. तरी पाच गाणी झाली! जेवण नेताना आज दुरून ऐकले, बैलांमागे कोणी तरी "परक्याचा सदरा" म्हणत होते. जवळ गेले तर हेच. मला पाहून एकदम बैलांना हाकलू लागले.

पण आज माझे डोके तापलेले आहे. गुळाचे कागद मी मास्तरांकडून मागून घेतले, कारण त्यांनी मधला एक रकाना वाचून दाखवलाच नव्हता. तो असा: डोराची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गाणी रचणाऱ्याचे नाव बाजाच्या ताफ्याच्या मालकाचे छापले होते. तीन वर्षे लोक त्यालाच शाबासकी देत होते! तीन वर्षे! आणि ती कपडे धुवायला जातच होती. कोणाची कोण ती, पण वाटले, आत्ता साकोलीहून एस.टी. धरावी आणि अमेरिकेला जाऊन त्या मालकाला विचारावे.

एस.टी. जात नाही, म्हणून प्रवेश लिहिला. संवाद मी कधी लिहिले नव्हते, पण रागात लिहिले गेले. डोरा कंपनीच्या साहेबासमोर उभी राहते आणि विचारते, माझ्या रेकॉर्डवर नाव कोणाचे? साहेब म्हणतो, बाईचे नाव लावले तर लोक विचारतील. ती म्हणते, विचारू द्या. आणि धानाची रोपे लावतानाचे गाणे गाते:

बांधीत मी उतरले, रोवणा मी केला,
पोत्यावर शिक्का मात्र दुज्याचा आला.
डोरा म्हणे साहेब, शिक्का पुसू नका,
खाली माझ्या नावाला जागा थोडी राखा.

मग साहेब सगळ्यांसमोर पुढे येऊन सांगतो, मंडळी, ही गाणी रचणारी डोरा. बस. एकच पान.

२ डिसेंबर, शनिवार
मास्तरांनी तो प्रवेश काढून टाकला. म्हणाले, "नाटक लांबते."

एक पान काहून लांबते? राणीच्या मैत्रिणींचा नाच सात मिनिटे चालतो, आणि डोराच्या नाटकात राणीच नाही तरी तो नाच ठेवला आहे. मी म्हटले, "निदान गाणे तरी ठेवा." तर म्हणाले, "अमेरिकेत रोवणा नसतो, वहिनी." त्यांचा चेहरा बरा दिसला नाही. शाळेची तपासणी आहे म्हणे, तीच काळजी असेल. शेवट आता असा आहे की डोराला क्षय होतो आणि ती गात गात मरते.

भंडाऱ्याहून हँडबिलेही छापून आली. गुलाबी कागद, वर इमारतीचे चित्र. खाली: कथा, संवाद व गीते – केशवराव मास्तर. बरोबरच आहे. एकच नाव असले की छापायला जागा कमी लागते, अक्षरेही वाचतात.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी हँडबिल उलटेसुलटे केले. "तुहं नाव कुठं हाय यावर?"

"माझे कशाला? गाणी देवाने सुचवलेली."

"मंग देवाचं नाव हाय का?"

मी हँडबिल सरळ करून फळीवर ठेवले. हे हँडबिल पाहून न जेवताच खळ्यावर निघून गेले. पोट बरे नसेल. मागून ओवा पाठवला.

११ डिसेंबर, सोमवार
खरे लिहिते, कारण हे पान कोणी वाचणार नाही.

विहिरीवर बाया "परक्याचा सदरा" म्हणत होत्या. तालीम ऐकून ऐकून पाठ झालेले. आनंदाबाई म्हणाली, "मास्तरनं भल्लं गानं रचलं वो! जसं काय धुनं यानंच धुतलं." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग घागर डोक्यावर घेतली आणि वाटले, ओरडून सांगावे, धुणे मी धुतले. घरी येईपर्यंत तेच वाटत होते.

हा अहंकार आहे. मला माहीत आहे. आज सोमवारच होता, उपवास कडक केला, फराळही नाही. महादेवाला म्हटले, हे काढून टाक. तर काय सांगू, डोळे मिटून बसले आणि सहाव्या गाण्याचा मुखडा सुचला. उपवासाच्या दिवशी! शिक्षाही नीट होत नाही.

२४ डिसेंबर, रविवार
नागपूरहून पुष्पाबाई आल्या! डोराचे काम त्यांचे. झाडीपट्टीत पंधरा वर्षे हिरोईन आहेत. चहात साखर जास्त लागते. मी दिली.

तालमीत पहिले गाणे म्हटले आणि थांबल्या. "मास्तर, हे कोणी लिहिलं?"

"का बरे? मीच."

"निळीत कपडा किती वेळा फिरवाचा?"

मास्तर म्हणाले, "म्हणजे... पांढरा होईपर्यंत."

"हं," म्हणाल्या, आणि दाराकडे पाहिले. मी लगेच आत वळले.

मग चहा द्यायला गेले तर माझा हात धरला. "बाई, हे तुमचं हाय."

मी म्हटले, "मास्तरांनी मात्रा तपासल्या."

"मात्रा! मी अकरा कंपन्यांत काम केलं. बाईनं लिहिलेली ओळ तोंडात घातली का समजते. सरळ उतरते. बरं, हे मरणं कोणाचं?"

"मरण मास्तरांचे."

"यंदा तीन नाटकांत मरून राहिले मी. तीनही ठिकाणी गात गात. मले आता खोकल्याचा बी कंटाळा आला. दुसरं काही नाई का?"

मी कापलेल्या प्रवेशाची गोष्ट सांगून टाकली. सांगायला नको होती, पण तोंडाला कुलूप राहिले नाही. त्यांनी बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी यांनी ते पान मागितले. "कायले पाहिजे?" मी विचारले. "चूल पेटवाले," म्हणाले. घरात हे कधी चूल पेटवत नाहीत! तरी दिले. वाईट वाटले. एका बाजूने कोरे होते, निदान वाणसामानाच्या यादीला झाले असते.

२७ डिसेंबर, बुधवार
मनाला आवडले नाही ते लिहिते. हे तळ्याच्या पाळीवर पुष्पाबाईंशी बराच वेळ बोलत उभे होते. हातात कागद होता. कंपनीच्या साहेबाचे काम यांच्याकडे आहे, हे खरे. पण साहेबाला नाटकात चारच वाक्ये आहेत. चार वाक्यांना पाऊण तास लागतो?

विचारले तर म्हणाले, "उच्चार शिकून राहिलो."

मी पीठ मळायला बसले. भाकरी मात्र आज जाडच थापल्या गेल्या.

१४ जानेवारी १९७९, रविवार
जुनी डायरी संपली, पण तिच्या सुरुवातीला जानेवारीची पाने कोरीच आहेत. साल खोडले, वार बदलले, काम झाले.

संक्रांत. देवाला तीळ वाहिले, सासूबाईंना नमस्कार केला. यांचा कोट आला, लाखांदूरच्या वकिलांचा उसना, काळा. टोपी नागपूरहून भाड्याने. हे आरशासमोर टोपी घालून उभे राहिले तेव्हा गायीने दावे ओढले. नाटकाला आठवडा राहिला! रात्री गाणी, दिवसा गाणी, मीठ भाजीत एकदा टाकले की दोनदा, ते आठवत नाही.

२१ जानेवारी, रविवार
पट सुरू झाला. चारशे बैलजोड्या आल्या म्हणतात. घरात अठरा पाहुणे. लिहायला वेळ नाही. तळ्यापलीकडेही आज नाटक आहे, राजाचेच. आमचे रात्री दहाला. विठ्ठला, गाणी तेवढी सांभाळ.

२३ जानेवारी, मंगळवार
काल दिवसभर पाहुण्यांत लिहायला जमले नाही. आज लिहिते. सगळे लिहिते.

परवा रात्री नाटकाला माणूस मावेना. आम्ही बाया समोर डाव्या बाजूला दोरीच्या आत. सासूबाईंनी पहिलीच जागा धरली होती, संध्याकाळी सहापासून, ताडपत्री टाकून. पडदा उघडला, इमारत दिसली. मागून कोणी तरी म्हणाले, "हे आपल्या पंचायतीचं ऑफिस होय का गा?" पण पुष्पाबाईंनी बालदीत हात घातला आणि "परक्याचा सदरा" सुरू केले, तेव्हा मागचे लोक पुढे सरकले. "डोरा म्हणे देवा" ला तर बाया बरोबर म्हणू लागल्या. दोन वेळा वन्समोअर! बक्षिसे आली, माइकवर नावे वाचली. मास्तर मध्येच हात जोडून पडद्याबाहेर आले आणि वाकून गेले. त्यांना हार घातला गेला. मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या नाहीत. लुगड्याच्या पदरात हात गुंडाळून बसल्या.

मध्यंतरात एक माणूस उठला नाही! उलट तळ्यापलीकडून कंदील येताना दिसले. राजाचे पब्लिक आमच्याकडे येत होते.

नाटक संपता संपता पूर्व फटफटू लागली होती. शेवटचा प्रवेश. डोरा खाटेवर. मास्तर विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंग करत होते, समोर बसल्यामुळे आम्हाला ऐकू येत होते. "खोकला... खोकला घ्या!"

पुष्पाबाई खाटेवरून उठून उभ्या राहिल्या.

"पुष्पाबाई, पडा! पडा!" विंगेतून.

त्या पुढे आल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "बोलवा साहेबाले."

आणि हे आले. काळा कोट, टोपी. या प्रवेशात साहेब नाहीच! मला वाटले, यांचा काही घोटाळा झाला, चुकून शिरले. मग पुष्पाबाई बोलू लागल्या, "साहेब, माझी रेकॉर्ड निघाली. तिच्यावर नाव कोणाचं?" आणि मला एकदम समजले की हे माझे पान आहे. शब्दाला शब्द. चुलीत गेलेले पान.

यांनी म्हटले, "बाईचं नाव लावलं तं लोक इचारतीन."

"इचारू द्या."

हे वाक्य तिथे माझेच होते, पण मी तसे कधी कोणाला म्हटले नाही. चार हजार माणसांत ते वाजले.

मग रोवण्याचे गाणे. जागेश्वरची पेटी बरोबर. म्हणजे त्यालाही माहीत होते! गाणे आनंदाबाईने ऐकलेलेच नव्हते, तरी दुसऱ्या फेरीला ती म्हणू लागली. रोवणा कोणत्या बाईला शिकवावा लागतो? विंगेतली कुजबुज बंद झाली होती.

मग साहेबाचे वाक्य. हे माइकजवळ आले. टोपी काढली. घामाने केस चिकटले होते. "मंडळी," म्हणाले, "हे गाने रचनारी..." आणि थांबले. मी मनात म्हणत होते, डोरा, म्हणा डोरा, एवढेच वाक्य, विसरले की काय.

"हे गाने रचनारी कुंताबाई."

मग कोणी तरी विचारले, "कोन कुंताबाई? अमेरिकेची?"

"नाई गा! याच्या घरची! जमाखर्चवाली!"

"तिनंच रचले सारे?"

"सारे," यांनी सांगितले. "सहाच्या सहा. मी सूप ऐकत होतो ना घरी."

मी पदर तोंडावर ओढला. धरणीने पोटात घ्यावे असे वाटत होते, आणि हेही वाटत होते की धरणीने अजून थोडे थांबावे. इतक्यात मागून पट पाहायला आलेल्या एका म्हाताऱ्याने आवाज दिला, "काहो साहेब, बायकोचं नाव भर सभेत घेतलं, तं सिद्दं कायले घेतलं? उखान्यात घ्या!"

झाले! सगळा मांडव ओरडू लागला. "उखाना! उखाना!" लग्नात आमच्या यांनी नाव घेतले नव्हते, पाहुण्यांनी अडवले तर सरळ मागच्या दाराने पळाले होते. इथे मागे मास्तर उभे. यांनी टोपी चुरगळली, कोटाकडे पाहिले, आणि म्हणाले,

"काळा कोट वकिलाचा, टोपी भाड्याची,
गानी माह्या कुंताची, नाई कोनाच्या बापाची."

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. यमक नीट जुळलेले नाही. मला आधी विचारले असते तर दुरुस्त करून दिले असते.

सासूबाईंनी पदरातून हात काढले. इतक्या जोरात टाळी वाजवली की बांगडी फुटली. "ऊठ वो," मला म्हणाल्या, "लोकं पाहून राहिले. उभी राय." मी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. खाली बसले तेव्हा ऊन पडले होते आणि रंगवलेली इमारत अगदीच पुठ्ठ्याची दिसत होती, पण कोणाचे तिकडे लक्ष नव्हते.

घरी आल्यावर हे कोट उतरवत होते. मी विचारले, "पान चुलीत घातले म्हणाला होता ना?"

"चूल पेटली नाई," म्हणाले. "चहा हाय का?"

साखर मी डब्यातून मोजून घेत असते. आज नुसती ओतली.

२४ जानेवारी, बुधवार
मास्तर आले, नारळ घेऊन. म्हणाले, "वहिनी, तुमचे नाव मी सांगणारच होतो. शेवटी सांगू, म्हणजे प्रभाव पडेल, असा विचार होता." किती मोठे मन! मी म्हटले, "तसेच झाले, शेवटीच कळले." हे ओसरीवर सुंभ वळत होते, त्यांना ठसका का लागला कळले नाही. मास्तर चहा न घेताच गेले. पुढच्या नाटकाची गाणी मीच लिहीन म्हणाले, सुरुवात केली आहे, चंद्रावर आहे.

पुष्पाबाई सकाळच्या एस.टी.ने गेल्या. आठ दिवसांनी दुसरीकडे मरायचे आहे म्हणाल्या. जाताना मी त्यांना लाडू दिले आणि मनातल्या मनात माफी मागितली, तळ्याच्या पाळीची. त्यांनी विचारले, "हसता काहून?" मी म्हटले, "काही नाही."

२८ जानेवारी, रविवार
शहापूरहून सेवकराम नावाचे गृहस्थ सायकलने आले. तिकडच्या मंडळाचे सचिव. त्यांच्या पोरांनी पटाचे नाटक पाहिले होते. होळीला त्यांचे नाटक आहे, विमान चालवणाऱ्या बाईचे. गाणी चार. त्यांनी यांना विचारले, "साहेब, बाईसाहेब लिहितीन का?"

हे म्हणाले, "मले काय इचारता? थे बसली ना तिथं."

सेवकराम दाराकडे तोंड करून बोलू लागले. मग मीच बाहेर आले आणि ओसरीवर बसले. दार उगीच मध्ये येत होते. बाई कोणत्या गावची, नवरा आहे का, विमान कोण शिकवतो, हातात काय धरावे लागते, सगळे विचारले. त्यांना निम्मे माहीत नव्हते. हँडबिलाचेही विचारले. ते म्हणाले, "तुमचंच नाव, वरच्या ओळीत." मी म्हटले, "वरच्या ओळीत देवाचे असू द्या. खालच्या ओळीत माझे, पण पूर्ण." कबूल केले.

ते गेल्यावर देवघरात गेले. गेले सात दिवस एक गोष्ट राहिली होती. मला ते नाव ऐकायला आवडले, फार आवडले, रोज एकदा आठवून पाहते, त्याची माफी मागायची होती. दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले. माफीचे शब्द जुळवत होते. पण तोंडातून निघाले ते असे: विठ्ठला, विमान वर गेल्यावर त्या बाईला आपले तळे वरून केवढे दिसत असेल, तेवढे मला एकदा दाखव.